साचा आपल्या मापाचा



साचा आपल्याला नवा नाही. मोदकाचा साचा, चकलीचा सोऱ्या घरोघरी असतो. पीठ बदललं तरी आकार तोच येतो. छपाईतही तसंच झालं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली अक्षरांचे खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. साच्यातून ओतलेले तेच खिळे जुळवून पोथीही छापता येई आणि पंचांगही.

पुढं संगणक आला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथंही पुन्हापुन्हा वापरायच्या ठरावीक चौकटीला ‘साचा’च म्हणतात. त्याच वर्षी वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस आलं. २००५ पासून त्यात ‘थीम’ आल्या. मजकूर तोच ठेवायचा आणि पानाचं रूप बदलायचं.

पण तयार साचे बहुतेक इंग्रजीच्या मापाचे. दोन ओळींत जागा कमी पडली, की आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. म्हणून साचा आपल्या मापाचा करून घ्यावा. ओळींत अंतर जास्त, ‘मुक्ता’सारखा मोफत देवनागरी फॉन्ट आणि आंबेमोहोर तांदळाचं वजन, भाव, गटाचं नाव यांचे रकाने सगळ्यात वर.

बचत गटाच्या वहीत कोणते रकाने हवेत, हे आपण बैठकीत बोलतोच ना? आम्हा घोटावड्याच्या बायकांना वाटतं, वेबसाइटचंही तसंच व्हावं. आखून देणारा दुसरा असला तरी चालेल, पण काय आखायचं ते आपण सांगायचं.