जुनं पिकअप आणि आमचा हैदराबाद रस्ता

तर झालं असं, की दादाने शेवटी पिकअप घेतलं. नवं नाही, २००५ सालचं. घरातल्या मंडळींना ही बातमी कळलेली आहेच (आणि वहिनीचं त्यावरचं मतही!). कांदा-टोमॅटो सोलापूरला न्यायला दर खेपेला भाड्याची गाडी शोधायची, गाडीवाल्याच्या सोयीने माल काढायचा, आणि बाजार पडला की भाडं खिशातून भरायचं, याला तो कंटाळला होता. नव्या गाडीचा हप्ता म्हणजे पाऊस पडो न पडो, ठरल्या तारखेला दारात हजर. म्हणून जुनी.

मी फोनवर म्हटलं, "अरे, वीस वर्षांची गाडी कशाला गळ्यात बांधून घेतोस?"

तो म्हणाला, "मी गाडी बघून नाही घेतली, मिस्त्री बघून घेतली."

हे वाक्य डोक्यात राहिलं. त्याचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो, म्हणून हा लेख.

आमचं जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गपासून आठ किलोमीटरवरचं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. गाव पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. आम्ही शाळेत हा 'नऊ नंबरचा हायवे' म्हणून शिकलो, २०१० मध्ये क्रमांक बदलून तो ६५ झाला. आता चौपदरी आहे.

याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरलं. पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात पोचली. पाठोपाठ मोटारींवर स्वार असलेली डोग्रा पलटण पुढे निघाली आणि दुपारी सव्वातीनला ही फौज उमरग्यात होती. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचं नाव येतं ते एवढंच. आजोबा सांगायचे, एका रांगेत इतक्या मोटारी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. स्वातंत्र्य वगैरे नंतर कळलं, आधी आवाज कळला.

लढाईतली मोटार कशी हवी? तर जिथे बंद पडेल तिथेच, हाताशी असलेल्या पान्यांनी चालू होणारी. अमेरिकेची जीप १९४१ पासून युद्धात उतरली ती याच हिशोबाने. तीच जीप पुढे आपल्याकडे रुजली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुटे भाग आणून विलिस जीप जोडायला सुरुवात झाली.

पुढची गोष्ट टंचाईची आहे. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं, की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचे असतील तर राहा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या कंपन्यांना किती गाड्या काढायच्या तेही परवान्यावर ठरायचं. नवी गाडी मिळायला थांबावं लागायचं, म्हणून जुनी टाकायचा प्रश्नच नव्हता. पण या टंचाईतून एक गोष्ट नकळत घडली. तेच तेच मॉडेल वर्षानुवर्षं निघत राहिलं. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा. एक इंजिन उघडायला शिकलेला मिस्त्री पुढची वीस वर्षं त्यावर पोट भरू शकायचा, आणि हाताखालच्या पोराला तेच शिकवायचा.

छोट्या मालगाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्दही असाच रुजला. टेम्पो ही मूळची जर्मन कंपनी. तिच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी काढली, नंतर कारखाना आकुर्डीला आला आणि १९६९ पासून मॅटॅडोर निघाली. जर्मनीत ते नाव लोक विसरले, आमच्याकडे 'टेम्पो आला का?' हे अजून चालू आहे. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या भागीदारीत आल्या. त्यातल्या निस्सानचा कारखाना तर आमच्याच रस्त्यावर, हैदराबादच्या अलीकडे जहिराबादला. टाटांची ४०७ १९८६ मध्ये आली. १९८८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा मोबाइल २०६ हे पिकअप निघालं. २००५ मध्ये 'छोटा हत्ती' म्हणजे टाटा एस आली. एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला जहिराबाद, आणि मधे आम्ही, त्या सगळ्या गाड्यांच्या म्हातारपणाचे साक्षीदार!

आता दादाच्या गाडीकडे येतो. मिस्त्री तिला बघायला गेला तेव्हा रंगाकडे त्याने पाहिलंच नाही. आधी इंजिन गार आहे का ते हात लावून पाहिलं, कारण तापवून ठेवलेली गाडी सगळ्यांचीच पटकन चालू होते. मग चालू करून ऑइलचं झाकण काढलं. धुराचे फटके बाहेर आले. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय," म्हणाला. सायलेन्सरचा धूर निळसर, म्हणजे ऑइल जळतंय. काळा असता तर पंप-नोझल, पांढरा असता तर कच्चं डिझेल नाहीतर पाणी. शेवटी गाडीखाली झोपून चासीवर हातोडीने टकटक केलं. एका ठिकाणी वेल्डिंगचा जुना जोड निघाला, पण गंज वरवरचा होता. "इंजिन काम करता येतं, चासी सडली की संपलं," हा त्याचा हिशोब.

एक लाख पस्तीस हजारांना सौदा झाला. मग इंजिन काम: लाइनर, पिस्टन, रिंगा, हेडचं गॅस्केट, नोझल. मागच्या उजव्या कमानीचा मुख्य पाटा तुटलेला निघाला. क्लच प्लेट गेलेली. सगळं धरून बासष्ट हजार. एकेक भाग सोलापूरला नाहीतर उमरग्याला मिळाला, कशासाठीच अडून राहावं लागलं नाही. कागदांनी मात्र दमवलं. जुन्या मालकाने कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसी बुकावरचा बोजा उतरवला नव्हता. तो फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचं पत्र आल्यावर उतरला, त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर नाव चढलं. पासिंग आता दरवर्षी. एक धडा घ्या मंडळी, गाडीच्या आधी आरसी बुक उघडा.

म्हणजे दादाचं बरोबर होतं का? आज तरी होतं. जुन्या गाडीची किंमत तिच्या सालावर नाही, दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ती उघडू शकणाऱ्या हातांवर ठरते.

पण हे हात संपत चालले आहेत. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. धूर कमी झाला, हे चांगलंच आहे, आमच्या म्हाताऱ्या गाडीच्या धुराचं मी समर्थन करणार नाही. पण नव्या इंजिनाचा दोष झाकण काढून कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. मिस्त्रीचा मुलगा पुण्यात स्कॅनरवरच काम करतो, तो परत येणार नाही. २०२१ चं भंगार धोरण आलं. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली. दादाची गाडी कायद्याने अजून काही वर्षं चालेल. मिस्त्री आत्ताच साठीच्या पुढे आहे. कोण आधी थांबेल ते सांगता येत नाही.

मी हे दादाला बोलून दाखवलं. तो हसला. म्हणाला, "म्हणून तर रविवारी पोराला गॅरेजवर पाठवतो. पाने तर ओळखू दे."

पहिली खेप कांद्याची गेली. पहाटे निघाले, नळदुर्गला चहा घेतला, आठच्या आत सोलापूर. भाव फार नव्हता. पण भाडंही द्यायचं नव्हतं. वहिनी अजून गाडीत बसलेली नाही, ती तुळजापूरला देवीच्या दर्शनाला बसणार म्हणते. बघू.