घरच्या घरी कॅमशाफ्ट बदलायचा? जुगाडाची कोणती हत्यारे चालतात आणि कोणती महागात पडतात

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि गावागावांत सर्वांत जास्त राबणारे यंत्र म्हणजे १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यावर माणसे, चुंगड्या, फवारणीचा पंप, दुधाच्या कॅन असे सगळे लादले जाते. ऑइल बदलायचे मात्र राहून जाते. मग एक दिवस इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक ऐकू येते, गाडी चढाला दम टाकते आणि मेकॅनिक सांगतो, "कॅम गेला."

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. हे उंचवटे रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट २००० घेतो. ऑइल कमी पडले, जुने झाले किंवा त्याची वाट गाळाने बुजली की हे उंचवटे घासतात आणि टोकाचे बेअरिंग खिळखिळे होते. अर्थात टकटक आली म्हणजे कॅमच गेला असे नाही. सैल टॅपेट आणि लांबलेली टायमिंग चेनही असाच आवाज करतात. आधी ते तपासावे, सुटा भाग नंतर आणावा.

कोणत्या इंजिनात हे घरी जमते?

कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या एका सिलिंडरच्या गाडीत जमू शकते. यातल्या अनेक गाड्यांत इंजिन न उतरवताही काम होते. ट्रॅक्टर किंवा जुन्या डिझेल पंपात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो, समोरची गिअरपेटी उघडावी लागते. ते काम अंगणात करायचे नाही.

पिस्टन वर आहे हे कसे कळते?

काम सुरू करण्याआधी पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. प्लगच्या भोकातून शीतपेयाची प्लास्टिकची नळी सोडली आणि मॅग्नेटचा नट पान्याने हळूहळू फिरवला की नळी वर येताना दिसते. खिळा किंवा पेचकस घालू नये, पिस्टनवर ओरखडा येतो. नळी फक्त अंदाज देते. खरी जागा मॅग्नेटवरची 'टी' खूण दाखवते. खूण जुळली आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले, तर जागा बरोबर. एकही घट्ट असेल तर क्रँक आणखी एक फेरा फिरवावा.

गरारीवर नेलपॉलिशने खुणा करण्याची सवय चांगली आहे, पण आधीच्या माणसाने टायमिंग चुकवले असेल तर आपण तीच चूक जपून ठेवतो. म्हणून कंपनीच्या खुणाच प्रमाण मानाव्यात.

तार, पत्रा आणि जुना बोल्ट

गरारी सुटली की चेन खाली घसरते. बांधकामाची बाइंडिंग तार चेनमध्ये ओवून फ्रेमला बांधली की काम भागते. चेनच्या पोकळीत स्वच्छ चिंधी कोंबावी. एक नट आत पडला तर अर्धे इंजिन खोलावे लागते. काही गाड्यांत चेन ताणणारा टेन्शनर आधी मागे घेऊन अडकवावा लागतो. त्यासाठी पत्र्याचा लहान तुकडा पेचकसाच्या टोकासारखा कापून वापरतात.

रॉकरची पिन अनेक गाड्यांत आतून आट्यांची असते. त्याच मापाचा बोल्ट तिच्यात फिरवला की ती ओढून काढता येते. अडकली असेल तर बोल्टवर पाइपचा तुकडा, वॉशर आणि नट चढवावा. नट आवळत गेले की पिन बाहेर येते. हा पुलर कंपनीच्या पुलरच्याच तत्त्वावर चालतो. नवे बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच पडला पाहिजे, योग्य मापाचे सॉकेट त्यासाठी चालते. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर नवे बेअरिंग तिथेच खराब होते.

टॉर्क पाना नसेल तर

इथे बहुतेक जण चुकतात. हाताच्या अंदाजाने ६ मिलिमीटरचा बोल्ट आवळला की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघतात. अशा बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पान्याच्या टोकाला लटकता वजनकाटा लावून ओढले तर हे मोजता येते. बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर ५ किलोची ओढ दिली की जवळपास १० न्यूटन मीटर होतात. ओढ पान्याला काटकोनात हवी, नाहीतर हिशेब चुकतो.

टॅपेटसाठी दाढीचे ब्लेड वापरायची पद्धत जुनी आहे. ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. पण अनेक गाड्यांत हवे असलेले अंतर याहून कमी असते आणि मग ब्लेडने लावलेला टॅपेट सैल राहतो. फिलर गेज महाग नसतो, एवढा एक विकतच घ्यावा.

जिथे जुगाड थांबतो

जागा धरून ठेवणारे किंवा मोजणारे घरगुती हत्यार बहुधा चालते. वेगाने फिरणाऱ्या भागाचा भार घरगुती जोडावर टाकला की गोष्ट वेगळी होते. याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी इथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका हुन्नरी तरुणाने मारुती ८०० चे इंजिन लावून घरी हेलिकॉप्टर बनवले होते. चाचणीत पंख्याचे पाते तुटले आणि त्याचा जीव गेला. झिजलेल्या कॅमवर वेल्डिंग करून तो घासून बसवणे, फुटलेल्या गरारीला डाग देणे, हेही त्याच जातीचे काम आहे. चेन किंवा गरारी धावत्या गाडीत तुटली तर इंजिन आवळू शकते. प्लगच्या भोकात पेचकस अडकवून क्रँक रोखणेही टाळावे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कोणाला मागचा ब्रेक दाबायला सांगावे.

किक मारण्याआधी

नव्या कॅमच्या उंचवट्यांना आणि बेअरिंगला ऑइल लावूनच तो बसवतात. सगळे जोडल्यावर प्लग न लावता मॅग्नेटच्या नटाने क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवावा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. मध्येच कुठे अडले तर जोर लावू नये. बहुतेक वेळा गरारी एखादा दात चुकलेली असते. ती चूक आता सुधारली तर फुकटात सुटते. सेल्फ मारल्यावर कळली तर व्हॉल्व्ह वाकलेले असू शकतात आणि हेडचा खर्च कॅमच्या कितीतरी पट होतो.

जुने ऑइल त्याच दिवशी बदलावे, त्यात घासलेल्या कॅमचा चुरा असतो. शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पुन्हा एकदा तपासावेत.