तळटीप : समृद्धीलगतची वायुवाहिनी

मुंबई–नागपूर–झारसुगुडा ही ‘गेल’ची नैसर्गिक वायूची वाहिनी. तिचा नागपूरपर्यंतचा टप्पा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या सोबतीने, जमिनीखालून येतो. वायू पोलादाला घासत सरकतो, तसा त्याचा दाब घटतो. तो पुन्हा वाढवणारे कॉम्प्रेसर बहुधा त्याच वायूवर चालतात. म्हणून ऊर्जेची मोठी बचत नळीचा व्यास आणि आतला गुळगुळीतपणा ठरवतानाच होते.

सुरक्षेचा धडा फार महागात मिळाला.

आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी ‘गेल’ची वाहिनी फुटली, आगीत होरपळून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वायूतल्या पाण्याने पोलाद आतून खाल्ले होते. असा गंज बाहेरून दिसत नाही. त्यासाठी ‘पिग’ हे तपासणीयंत्र नळीत सोडतात. वायूच्याच दाबाने ते पुढे ढकलले जाते आणि भिंत कुठे झिजली, ते नोंदवत जाते.