कचेरीचें मौन आणि वर्तमानपत्र



सरकारी नोकरानें वर्तमानपत्रांशीं बोलावें कीं न बोलावें, आणि बोलावयाचें तर किती, हा प्रश्न वरवर पाहतां नियमांच्या पुस्तकांतला वाटतो. परंतु याच प्रश्नापायीं आपल्या महाराष्ट्रांत दोन थोर संपादक तुरुंगांत गेले, एका कारभाऱ्याच्या नांवावर त्यानें न लिहिलेलीं पत्रें फिरलीं, आणि एका तरुण राजाविषयींची खरी चिंता खोट्या कागदांखालीं दडपली गेली. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या आधारें आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

आरंभ माझ्याच अनुभवानें करतों. मी जन्मभर शाळामास्तर. आमच्या जिल्ह्यांतील एका शाळेंत मी असतां, एका पावसाळ्यांत, रविवारीं, शाळेमागच्या जुन्या, वापरांत नसलेल्या कोठीची भिंत पडली. त्या दिवशीं शाळेंत चिटपाखरूंहि नव्हतें. सायंकाळीं एका बातमीदाराचा फोन आला. मुख्याध्यापक म्हणाले, "मला बोलण्याची परवानगी नाहीं," आणि त्यांनीं फोन खालीं ठेविला. मी शेजारींच बसलों होतों. मीहि गप्प राहिलों. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत 'शाळेची भिंत कोसळली' एवढा मथळा आणि चार मोघम ओळी आल्या. शाळा भरण्यापूर्वींच आईबाप फाटकाशीं जमले. एक बाई शेतांतून तशीच अनवाणी धांवत आली होती. त्या बातमीदारानें खोटें कांहींच लिहिलें नव्हतें. 'कोणासहि इजा नाहीं' हें जें एक वाक्य त्या बाईस हवें होतें, तें आमच्यापाशीं होतें आणि आम्हीं तें दिलें नाहीं. तेव्हांपासून हा विषय माझ्या मनांत घर करून राहिला आहे.

आतां मागें वळूं. मराठी वर्तमानपत्रांचा उगम १८३२ सालच्या 'दर्पणा'पासून धरतात. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर पुढें एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापक झाले. म्हणजे पहिल्या पिढीपासूनच वर्तमानपत्राची लेखणी आणि विद्याखात्याची चाकरी यांचा आपल्याकडे निकट संबंध आहे. १८४८ ते १८५० या काळांत मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांत 'लोकहितवादी' या सहीनें एकशें आठ पत्रें आलीं. तीं लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हां सरकारी नोकरींत होते. पुढें ते मुनसफ आणि न्यायाधीश झाले. त्या पत्रांत त्यांनीं आपल्याच समाजाच्या आळसावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले. त्यांचा विषय समाज होता, कचेरीचें दप्तर नव्हे. मत आपलें आणि दप्तर सरकारचें, हा भेद त्यांच्या लेखनांत स्पष्ट दिसतो.

न्यायमूर्ति माधवराव रानडे यांस ही वाट इतकी सोपी गेली नाहीं. १८७८ सालीं सुरू झालेल्या पुणें सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकांतील पुष्कळ लेख त्यांचे असत. लेखावर नांव नसे, पण लेखणी कोणाची हें जाणत्यांस ठाऊक होतें. विषय जमीनमहसुलाचा, दुष्काळाचा, शेतकऱ्याच्या कर्जाचा. त्याच सुमारास त्यांची बदली पुण्याहून नाशकास व तेथून धुळ्यास झाली, आणि धुळ्यास त्यांच्या टपालावरहि सरकारची नजर होती. रानड्यांनीं नोकरी सोडली नाहीं, आणि लेखणीहि खालीं ठेविली नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निराळा मार्ग धरिला. १८७४ सालीं त्यांनीं 'निबंधमाला' काढली तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. पुढें त्यांस रत्नागिरीस पाठविण्यांत आलें. १८७९ सालीं त्यांनीं राजीनामा दिला, १८८० च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि १८८१ सालीं टिळक-आगरकरादि मंडळींसह 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू केलीं. ज्यास सरकारवर उघड शस्त्र धरावयाचें आहे त्यानें आधीं सरकारचें मीठ सोडावें, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ मी लावतों.

हे तिघेहि आपलें मत सांगत होते. परंतु मत सांगणें ही एक गोष्ट आणि लोकांस हवी असलेली माहिती सांगणें ही दुसरी. माहितीचा प्रश्न किती दाहक असतो हें 'केसरी'च्या दुसऱ्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणानें दाखविलें.

कोल्हापुरास चौथे शिवाजी महाराज लहान वयांत दत्तक येऊन गादीवर बसले होते. त्यांस वेड लागलें आहे असें सांगून त्यांस देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें, आणि राज्याचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे पाहूं लागले. महाराज खरोखर वेडे आहेत, कीं छळानें त्यांची ही दशा झाली, ही शंका महाराष्ट्रभर पसरली. छत्रपतींच्या गादीवरील राजाचें काय चाललें आहे हें प्रजेस कळावयास हवें होतें. पण प्रजेचें समाधान होईल असा खुलासा झाला नाहीं. अशा वेळीं बर्व्यांच्या नांवचीं म्हणून कांहीं पत्रें बाहेर आलीं. महाराजांविरुद्ध कट चालला आहे असें त्यांवरून दिसत होतें. 'केसरी' व 'मराठा' यांनीं जळजळीत टीका केली. बर्व्यांनीं बेअब्रूची फिर्याद लाविली, आणि पत्रें बनावट ठरलीं. जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले.

गोष्ट येथेंच संपली असती तर तिचा बोध एवढाच, कीं संपादकानें कागद पारखून घ्यावा. परंतु २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें, देखरेखीवरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. पत्रें खोटीं होतीं. महाराजांविषयीं लोकांस वाटणारी काळजी खोटी नव्हती. जबाबदार अधिकाऱ्यानें आपल्या सहीनें महाराजांच्या प्रकृतीचें खरें वृत्त वेळोवेळीं प्रसिद्ध केलें असतें, तर बनावट पत्रांस कोणी विचारिलें नसतें. त्या मौनाचा तोटा संपादकांस झाला, ज्यांच्यावर किटाळ आलें त्या बर्व्यांस झाला, आणि सर्वांत अधिक त्या राजास झाला; कारण पत्रें खोटीं ठरतांच त्याच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें तोंड बंद झालें.

राज्यकर्त्यांचें धोरण मात्र दार अधिक घट्ट लावण्याचेंच राहिलें. १८८९ सालीं कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'नें काश्मीरसंबंधीं परराष्ट्रखात्याचा एक गुप्त कागद छापला, आणि त्याच वर्षीं सरकारी गुपितांचा कायदा झाला. १९२३ सालीं तो नव्यानें करण्यांत आला, आणि तो आजहि अमलांत आहे. राज्याचीं कांहीं गुपितें राखावींच लागतात. परंतु कुलूप एकदां हातीं आलें म्हणजे तें तिजोरीस आणि पाणपोईस सारखेंच घालण्याचा मोह होतो.

या मोहाचें टोंक आपल्या सोलापूरनें १९३० च्या मे महिन्यांत पाहिलें. लष्करी अंमल पुकारला गेला. 'कर्मयोगी'चे संपादक रामचंद्र राजवाडे यांस शिक्षा झाली. 'गझनफर' पत्र चालविणारे कुरबान हुसेन हे १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यासह फांशीं गेले. माझ्या लहानपणीं वडीलधारीं माणसें त्या दिवसांच्या गोष्टी सांगत, तेव्हां गोळीबारांत किती माणसें पडलीं याचा आंकडा प्रत्येकाचा निराळा असे. लोकांचा सरकारी आंकड्यावर विश्वास नव्हता, आणि गांवच्या पत्रांचें तोंड बांधलेलें होतें. मग आपल्याच गांवच्या मृतांची मोजदाद ऐकीव गोष्टींवर राहिली.

स्वराज्यांत हा प्रश्न नाहींसा झाला नाहीं, पण त्याचें रूप पालटलें. १९७९ सालचे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम सांगतात, कीं अधिकार नसतां सरकारी कागद किंवा माहिती बाहेर देऊं नये, आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करूं नये. निव्वळ साहित्य, कला किंवा शास्त्र या विषयांवर लिहिण्याबोलण्यास मात्र मोकळीक आहे. दुसऱ्या बाजूनें, महाराष्ट्रानें २००२ सालीं आणि सर्व देशानें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. सामान्यतः तीस दिवसांच्या आंत माहिती द्यावी, इतकेंच नव्हे तर पुष्कळशी माहिती कोणी न मागतां आपण होऊन प्रसिद्ध करावी, असें तो सांगतो. आणि लोकहित मोठें असेल तर गुपितांच्या कायद्याचीहि आडकाठी तो मानीत नाहीं. मौन हा जुना नियम होता. आतां माहिती हा नियम आणि मौन हा अपवाद झाला आहे.

मग तलाठ्यानें, मास्तरानें, दवाखान्यांतील डॉक्टरानें करावें तरी काय? माझ्या अल्पमतीस असें वाटतें. बातमीदार आला तर त्याचा प्रश्न नीट ऐकून लिहून घ्यावा. उत्तर देण्याचा अधिकार आपला नसेल तर तसें सांगून ज्याचा आहे त्याचें नांव सांगावें, आणि आपण होऊन त्या वरिष्ठास लागलीच कळवावें. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि कानांनीं ऐकलेलें एकत्र करूं नये. रुग्णाचें नांव, विद्यार्थ्याची घरची अडचण, चालू चौकशींतला जबाब यांस हात लावूं नये; तें धन आपलें नव्हे. 'माझें नांव न घालतां लिहा' असें म्हणून सहकाऱ्यावरचा राग बातमींत ओतूं नये. आणि वरिष्ठानेंहि हें ध्यानांत धरावें, कीं उजनीच्या धरणांतून भीमेंत किती पाणी सोडलें हें पंढरपूरच्या वाळवंटांत उतरलेल्या वारकऱ्यास उद्यां कळून उपयोग नाहीं. तें आज, आतां कळलें पाहिजे. हल्लीं बातमी छापखान्याची वाट पहात नाहीं. ती हातांतल्या फोनवरून निमिषांत गांवभर होते, आणि बनावट कागद तर तिच्याहि पुढें धांवतो. १८८२ सालीं पत्र बनविणाऱ्यास निदान हस्ताक्षर तरी गिरवावें लागे.

माझे विद्यार्थी आज निरनिराळ्या कचेऱ्यांत आहेत. त्यांतील कोणी हें भाषण ऐकत असेल तर त्यास एवढेंच सांगतों: बाळ, जें सांगण्याचा तुला अधिकार आहे तें वेळेवर सांग, आणि त्याखालीं आपलें नांव घाल. त्या सोमवारीं फाटकाशीं उभ्या असलेल्या बाईस मीं तोंडीं सांगितलें, तेव्हां तिनें मला एकच विचारलें, "गुरुजी, मग काल का नाहीं सांगितलं?" तिला देण्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तुझ्यावर ती वेळ न येवो.