हौस आणि नाद : व्हिडिओ गेममधील एका भिंतीचा इतिहास

कोल्हापुरात दोन शब्द सारखे कानांवर पडतात, हौस आणि नाद. गणपतीत चार दिवस ढोल वाजवणारा हौशी. वर्षभर फुटबॉलखेरीज ज्याला काही सुचत नाही, त्याला फुटबॉलचा नाद. नाद हाताबाहेर गेला की माणूस 'नादखुळा' ठरतो, पण शिवाजी पेठेत हे विशेषण कौतुकानेच लावले जाते. हौशी माणसाला तिथे कोणी कमी लेखत नाही, कारण आजचा नादखुळा काल हौशीच होता हे सर्वांना ठाऊक असते.

व्हिडिओ गेमच्या जगातही अशीच दोन विशेषणे आहेत. फावल्या वेळापुरता खेळतो तो 'कॅज्युअल' आणि जिवाची बाजी लावून खेळतो तो 'हार्डकोअर'. मात्र इथे पहिला शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो. दहावीतील एक विद्यार्थी आपल्या बहिणीबद्दल आम्हाला म्हणाला, "ती काय खरी गेमर नाही. ती नुसती मोबाइलवर खेळते." चौकशी केली तेव्हा कळले, की ही बहीण एका कोड्याच्या खेळाचे काहीशे टप्पे पार करून बसली होती. भाऊ मात्र परीक्षेमुळे महिनाभर खेळलाच नव्हता. मग खरा गेमर कोण? आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, कधी मिळाला? या प्रश्नांचे उत्तर शोधताना तंत्रज्ञानाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

नाण्यांचे गणित

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळायचे पहिले यंत्र, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी', अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आले. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कामातून ते घडले होते. त्याच वर्षी अटारी कंपनीने 'पाँग' हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. पडद्यावर एक ठिपका आणि दोन फळ्या, चेंडू चुकवू नये एवढाच नियम. संध्याकाळी मद्यगृहात टेकलेला कोणीही माणूस अर्ध्या मिनिटात ते शिकत असे. त्या काळी सर्वच खेळाडू हौशी होते.

पुढे १९७८ साली जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येक रांगेत ११, म्हणजे एकूण ५५ आकृत्या. यंत्रातील प्रक्रियक एका चित्रचौकटीत एकच आकृती हलवू शकत असे आणि सेकंदाला सुमारे ६० चौकटी उमटत. त्यामुळे पूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. आकृत्या मारल्या जातील तसा प्रक्रियकाचा भार हलका होई आणि उरलेल्यांचा वेग वाढे. शेवटची एकटी आकृती सेकंदात साठ वेळा सरके. खेळ उत्तरोत्तर अवघड होत जाण्याचा हा गुण यंत्राच्या मर्यादेतून आपोआप आला होता. निशिकादो यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला.

यंत्राच्या मालकालाही ही अडचण सोयीची होती. खेळाडू लवकर हरला तर दुसरे नाणे पडते. पण पहिल्याच फटक्यात हरला तर तो परत येत नाही. म्हणून आरंभ सोपा आणि पुढे झपाट्याने अवघड अशी रचना रूढ झाली. अवघड खेळ म्हणजेच अस्सल खेळ, ही समजूत या गल्ल्याच्या गणिताशेजारी वाढली.

याला एक गमतीदार अपवाद १९८० सालचा. नामको कंपनीतील तोरू इवातानी यांना वाटत होते, की खेळघरांत फक्त तरुण मुलेच दिसतात, मुली आणि जोडपीही यायला हवीत. म्हणून त्यांनी मारामारी बाजूला ठेवून खाण्याची कल्पना घेतली आणि 'पॅक-मॅन' जन्मला. म्हणजे आजच्या भाषेत तो मुद्दाम 'कॅज्युअल' केलेला खेळ! पण पुढे काही नादखुळे त्याच्यामागे असे लागले, की एकही जीव न गमावता २५५ टप्पे पार करून ३३,३३,३६० हे कमाल गुण मिळवणे ही मोठी कसोटी ठरली. त्यापुढे खेळ जातच नाही. टप्प्याचा आकडा आठ बिटांत साठवला होता आणि आठ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६ व्या टप्प्यावर अर्धा पडदा विस्कटतो. वर्गात द्विमान संख्यापद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

खेळ तोच, पण हौशीला हौशी आणि नादखुळ्याला अथांग. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

चाळीस किलोबाइटचे जग

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र आणले. यातील प्रक्रियक आठ बिटांचा आणि कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. खेळ वेगळ्या डबीत येई, जिला आपल्याकडे सर्रास 'कॅसेट' म्हणत. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. प्रस्तुत लेख देवनागरीत संगणकावर साठवला तरी पंचवीस-तीस किलोबाइट जागा लागेल, यावरून काटकसरीची कल्पना यावी. मारिओच्या आकाशातील ढग आणि जमिनीवरची झुडपे नीट पाहा. आकृती एकच आहे, फक्त रंग बदलला आहे.

एवढ्याशा जागेतला खेळ ग्राहकाला महिनोन्महिने पुरायचा असेल तर उपाय एकच, तो अवघड करणे. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. आज ज्या खेळांना 'खऱ्या खेळाडूंचे' म्हणून नावाजले जाते, त्यांतील बरीचशी कठोरता स्मृतीच्या टंचाईची देणगी आहे.

खुद्द खेळ घडवणाऱ्यांनाही ती झेपत नसे. कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो 'ग्रॅडियस' हा खेळ १९८६ साली फॅमिकॉमसाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणे भाग होते आणि त्यांना ते जमेना. मग त्यांनी एक गुप्त क्रम घातला : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, आणि मग बी व ए या दोन कळा. तो दाबला की सर्व शस्त्रे हाती येत. पुढे हाच क्रम 'कॉन्ट्रा' या खेळात तीसचे तीस जीव देऊ लागला. तो पाठ असणे हे पोरांमध्ये उस्तादीचे लक्षण मानले जाई. त्याचा उगम एका हौशी हाताच्या अडचणीत आहे, हे कोणाला माहीत होते?

पेठेतला टीव्ही गेम

आमचे बालपण शिवाजी पेठेत गेले. १९९० च्या दशकात भारतातील बहुसंख्य घरांत जो 'टीव्ही गेम' पोचला तो फॅमिकॉमचा मूळ अवतार नव्हता, तर त्याच्या तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकला होत्या. 'समुराई', 'मीडिया', 'लिट्ल मास्टर' ही त्या काळची परिचित नावे. कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असे छापलेले असे. प्रत्यक्षात त्यात थोडेच खेळ, तेच पुन:पुन्हा निराळ्या नावांनी किंवा मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. पण त्यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रक्रियकाला कॅसेटमधील ३२ किलोबाइटच एका वेळी थेट दिसत. मोठ्या स्मृतीचे तुकडे पाडून, साध्या मंडलाने हवा तो तुकडा त्याच्यासमोर आणला की एका कॅसेटमध्ये अनेक छोटे खेळ मावतात.

गल्लीत असा एखादाच संच असायचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये तासावर पैसे मोजायचे. दोन रिमोट आणि दहा पोरे. मेला की पुढच्याला द्यायचा हा नियम. लाईट गेली की सगळे पहिल्यापासून. ज्याच्या घरी यंत्र तो नेहमीच पटाईत असे नव्हे. कित्येकदा ज्याला आठवड्यातून एकदाच रिमोट मिळे, तो इतरांचे खेळणे टक लावून पाहत असल्यामुळे सर्वांत पुढे जाई. कोणी कोणाला हार्डकोअर म्हणत नसे. 'डक हंट'मध्ये बंदूक घेऊन घरातली आजीही बदक टिपायची. त्या बंदुकीतून प्रकाश निघत नसे, उलट ती प्रकाश टिपत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतील प्रकाशसंवेदक तो दिसला की नाही एवढेच सांगे. कळांचा सराव नसलेल्या माणसालाही खेळता यावे, याची ही नामी सोय होती.

भिंत उभी राहिली ती कशी

१९८३ साली अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. निन्टेन्डोने १९८५ पासून तिथे प्रवेश केला तो हे यंत्र खेळणे म्हणून विकत. खेळण्यांच्या दुकानांत मुलांची आणि मुलींची कपाटे वेगळी असत, व्हिडिओ गेम मुलांच्या कपाटात गेले. १९८८ पासून कंपनीचे 'निन्टेन्डो पॉवर' हे नियतकालिक निघू लागले. गुपिते आणि नकाशे ठाऊक असलेल्या खेळाडूंचा एक वर्ग तयार झाला. १९९० च्या दशकात त्रिमितीय खेळ आले. फॅमिकॉमच्या रिमोटवर खेळाच्या कळा दोनच होत्या, तर १९९७ च्या प्लेस्टेशनच्या रिमोटवर दोन दांडे आणि दहाच्या वर कळा. जो या वाढत्या कळांबरोबर वाढला त्याची बोटे तयार झाली, जो मध्येच आला तो बाहेर राहिला. बाहेर राहिलेल्यांत मुली, आई-वडील आणि आजी-आजोबा जास्त होते.

२००६ साली निन्टेन्डोने 'वी' हे यंत्र आणून या भिंतीलाच हात घातला. त्याच्या रिमोटमध्ये त्वरणमापक होता. सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले अतिसूक्ष्म वस्तुमान हाताच्या झटक्याने सरकते, त्यामुळे विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. टेनिस खेळायचे तर हात टेनिससारखा फिरवायचा, बस्स. ही यंत्रे दहा कोटींहून अधिक खपली, अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतही पोचली. त्याच सुमारास 'कॅज्युअल' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. नवे लोक आल्याने आपला खेळ पातळ होतो, अशी जुन्यांची तक्रार होती. ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. सोपा खेळ झटपट विकण्याच्या नादात काही कंपन्यांनी सुमार माल बाजारात ओतला हे खरे. पण दोष मालाचा होता, शिक्का मात्र माणसांवर बसला.

वस्तादाची जोड

आता पेठेत परत येऊ. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे परक्याला बुचकळ्यात टाकतात : खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले, त्याची ही खूण. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात जे आले, ते १९१२ मध्ये खासबाग मैदानाच्या रूपाने उभे राहिले.

त्या मैदानात किंवा गावच्या जत्रेत कुस्त्या कशा लागतात ते आठवावे. आरंभी चिमुरड्यांच्या कुस्त्या, बक्षीस रेवड्या किंवा नारळ. मग वाढत्या इनामाच्या आणि शेवटी मोठ्या पैलवानांची. माती एकच. कोणाला कोणाशी लढवायचे, म्हणजे 'जोड' कशी लावायची, हे जाणत्या वस्तादाचे काम. जोड बरोबरीची लागली तर रेवडीची कुस्तीही रंगते. विजोड लागली तर हिंदकेसरीचीही बघवत नाही.

हेच काम अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी सूत्रात बसवले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ते १९७० मध्ये स्वीकारले. प्रत्येक खेळाडूला एक आकडा. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल तर ११ डावांत बलवानाला सुमारे १० गुण मिळावेत असे सूत्र सांगते. प्रत्यक्ष निकाल वेगळा लागला की आकडे बदलतात. आजचे अनेक व्हिडिओ गेम याच धर्तीवर प्रतिस्पर्धी निवडतात. या पद्धतीत हौशी आणि नादखुळा असे दोन कप्पे नाहीत. एकच लांब शिडी आहे आणि कोणाचीही पायरी कायमची नाही.

तालमीचेही फार गोडवे गाऊ नयेत. ती माती मुलींना दीर्घकाळ बंदच होती, ऑलिंपिकमध्येही महिलांची कुस्ती २००४ साली आली. म्हणजे तालमीलाही आपली भिंत होतीच. फरक एवढाच, की आत आलेल्या पोराला पहिल्या दिवशी 'तू खरा पैलवान नाहीस' असे कोणी सांगत नसे. त्याला माती उकरायला लावत आणि त्याच्या जोडीचा गडी शोधून देत.

शिक्षकांना हे सारे सांगण्याचे कारण उघड आहे. आपल्या वर्गातही 'गणिताची मुले' आणि 'बाकीची' असे दोन गट पडतात. तो फरक मुलांच्या जन्मजात कुवतीचा आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक पुष्कळदा तो आपण दिलेल्या उदाहरणांच्या चढणीचा, वर्षाला वाढत जाणाऱ्या चिन्हांचा आणि मध्येच गैरहजर राहिलेल्या दोन महिन्यांचा असतो. नाण्यांचा गल्ला आणि चाळीस किलोबाइटची टंचाई यांतून आलेली कठोरता जशी पुढे 'अस्सलपणा' ठरली, तशीच आपल्या वेळापत्रकाची आणि पाठ्यक्रमाची कठोरताही गुणवत्तेचे माप ठरून बसते.

त्या दहावीतल्या विद्यार्थ्याला आम्ही सुचवले, की बहिणीच्या मोबाइलवरचा तिचा चालू टप्पा एकदा खेळून पाहा. तीन वेळा हरल्यावर त्याने फोन परत दिला आणि विचारले, "इथं सुरुवात कुठून करायची?" बहिणीने त्याला पहिला टप्पा उघडून दिला.