इंग्रजी बोलताना अर्थ उलटा होतोय? आधी या सहा चुका सुधारा

ग्रामीण भागातली बरीच मुलं मुलाखतीत इंग्रजी येत असूनही गप्प बसतात. कारण एकच, चुकण्याची भीती. पण सगळ्या चुका सारख्या नसतात. 'ही गोज'ऐवजी 'ही गो' म्हटलं तरी समोरच्याला कळतं. काही चुकांनी मात्र अर्थच बदलतो. मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की त्यातल्या बऱ्याच चुका होतात. त्यामुळे सुरुवात इथून करा.

१) येस की नो : "लायसन्स नाही का तुमच्याकडे?" असं विचारलं की आपण "हो, नाहीये" म्हणतो. इंग्रजीत असं चालत नाही. 'डोन्ट यू हॅव अ लायसन्स?' याला 'येस' म्हटलं, तर लायसन्स आहे असा अर्थ होतो. नसेल तर 'नो, आय डोन्ट' म्हणा.

२) बाय आणि टिल : मराठीत दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतात. सोमवारच्या आत फॉर्म द्यायचा असेल तर 'बाय मंडे'. दुकान रात्री नऊपर्यंत सलग उघडं असेल तर 'टिल नाइन'.

३) बॉरो आणि लेंड : उसने घेणे म्हणजे 'बॉरो', उसने देणे म्हणजे 'लेंड'. पैसे मागताना 'कॅन यू लेंड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज?' असं विचारा.

४) नोकरी सुरू आहे की सोडली : 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' म्हणजे तिथलं काम आता संपलं. अजून तिथंच असाल तर 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू इयर्स' म्हणा. किती काळ ते सांगताना 'फॉर', कधीपासून ते सांगताना 'सिन्स'. म्हणजे 'फॉर टू इयर्स', पण 'सिन्स २०२३'.

५) हार्ड आणि हार्डली : 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी कष्ट करतो. 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही! मुलाखतीत हा फरक महागात पडतो.

६) पास आऊट : 'आय पास्ड आऊट इन २०२२' हे आपल्याकडे चालून जातं. परदेशी माणसाला मात्र तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. पदवीधर असाल तर 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' म्हणा. आयटीआय केलं असेल तर 'आय कम्प्लीटेड माय आयटीआय कोर्स'.

सराव कसा करायचा?

रोज यातला एकच मुद्दा घ्या. त्यावर स्वतःच्या घरातली, कामातली तीन खरी वाक्यं बनवा आणि मोठ्यानं म्हणा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाक्यं लहान ठेवा, घाई करू नका.

आणि समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर अंदाजानं 'येस, येस' करू नका. 'कुड यू प्लीज रिपीट दॅट?' असं सरळ विचारा. यात कमीपणा काहीच नाही. न समजता होकार दिला तर नंतर जास्त अडचण होते.