साठीचा वायदा

आधी वास येतो. ओल्या लोकरीचा, त्यात मिसळलेल्या कोळशाच्या धुराचा. मग आवाज. खुर्च्या सरकवल्याचा, आणि एकाच वेळी बोलणाऱ्या शेकडो बायकांचा. साल 1935, गाव ब्रॅडफर्ड, उत्तर इंग्लंड. परळ-लालबागचे जुने दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना इथं फारसं परकं वाटायचं नाही. तशाच चिमण्या, तसाच भोंगा. कापसाच्या जागी लोकर आणि घामाच्या जागी हाडं गोठवणारी थंडी.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे जरा बघा. वय 54. हातमोजे मांडीवर काढून ठेवलेत आणि उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. बाराव्या वर्षापासून गिरणीत आहेत. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो 1916च्या जुलैत सोमच्या लढाईत गेला. ब्रॅडफर्डच्या पोरांच्या पलटणी एकाच सकाळी कापल्या गेल्या. त्यानंतर बाईंनी आई सांभाळली, गिरणी सांभाळली आणि आठवड्याच्या पगारातून पेन्शनची वर्गणी निमूटपणे कापू दिली. आता मुकादम म्हणतो, नजर पहिल्यासारखी राहिली नाही. वर्गणी भरून झाली तरी पेन्शन 65ला. मधली अकरा वर्षं काय खायचं, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही.

मंचावर उभ्या आहेत फ्लोरेन्स व्हाइट. केक-मिठाईचं दुकान चालवणारी, स्वतःही गिरणीत राबलेली, अविवाहित बाई. त्यांचा हिशेब कुठल्याही वाण्याला पटेल असा आहे. 1925च्या कायद्याने विधवेला तिचं वय न बघता आठवड्याला 10 शिलिंग मिळतात. मिळू देत, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिला नवराच नव्हता, जिने स्वतःच्या मजुरीतून वर्गणी भरली, तिने 65पर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघायचं? अविवाहित बायकांना 55व्या वर्षी पेन्शन द्या, एवढीच मागणी. शेजारच्या बाई टाळ्या वाजवत नाहीत. न मिटणारी बोटं दुसऱ्या हाताने दाबत मान हलवत राहतात.

दोन वर्षांनी, 1937 साली, या मागणीवर जवळपास दहा लाख सह्या घेऊन बायका लंडनला पार्लमेंटवर जातात. वर्तमानपत्रं थोडी थट्टा करतात, थोडी कौतुक. सरकार एक समिती नेमतं. समिती नेमली की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता त्या सभेपासून पाच वर्षं पुढे. फेब्रुवारी 1940, लंडन. युद्ध सुरू झालंय, खिडक्यांना काळे पडदे आहेत, महिन्याभरापूर्वीच लोणी, साखर आणि बेकन रेशनवर गेलंय. तुम्ही हाउस ऑफ कॉमन्सच्या गॅलरीत बसलात. खाली आरोग्यमंत्री वॉल्टर एलियट यांच्या खात्याचं विधेयक चर्चेला आलंय. बायकांचं पेन्शनचं वय 65वरून 60वर येणार. सगळ्याच बायकांचं, लग्न झालेल्या आणि न झालेल्या.

कान देऊन ऐका, कारण 80 वर्षांनीही या साठीवरून भांडण चालू असणार आहे. पुरुष 65ला निवृत्त होतो. बायको साधारण चार-पाच वर्षांनी लहान असते. तिची 65 भरेपर्यंत दोघांनी एकट्याच्या 10 शिलिंगात भागवायचं. भागत नाही, म्हणून म्हातारा काम सोडत नाही. बायकोचं वय पाच वर्षांनी खाली आणलं की दोघांचं पेन्शन साधारण एकाच सुमारास सुरू होईल आणि घराला 20 शिलिंग येतील. आणि बायकांना 60 दिलं की स्वतः वर्गणी भरणाऱ्या अविवाहितांना 65वर ताटकळत ठेवणं शोभणार नाही, म्हणून त्यांनाही 60.

फ्लोरेन्सबाईंच्या दहा लाख सह्या अगदीच वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी दार ठोठावलं नसतं तर ते इतक्यात उघडलंच नसतं. पण बाईचं 60 हे वय शेवटी बेतलं गेलं ते तिच्या नवऱ्याच्या वयावर. तिची बोटं, तिची नजर, तिच्या गळ्यात पडलेली म्हातारी आई हे त्या हिशेबात बेरजेला आलंच नाही. मार्चमध्ये कायदा झाला आणि हळूहळू मूळ कारण सगळेच विसरले. बाई साठीला सुटते, हे इंग्लंडात पावसाइतकं गृहीत धरलं जाऊ लागलं.

इथून पुढे नुसतं बघून भागणार नाही. तुम्हाला एक जन्म घ्यावा लागेल. तारीख मी ठरवून ठेवलीये: 10 फेब्रुवारी 1954. गाव तेच, ब्रॅडफर्ड.

पंधराव्या वर्षी शाळा सुटते आणि तुम्ही गिरणीत लागता. रात्रपाळीला पाकिस्तानातून आणि पंजाबातून आलेले पुरुष, दिवसपाळीला तुम्ही. 1975 साली लग्न. ऑफिसातली बाई एक फॉर्म पुढे करते: लग्न झालंय ना, मग कमी दराचा स्टॅम्प, म्हणजे पेन्शनची वर्गणी, भर, हातात चार पैसे जास्त येतील, पेन्शन काय नवऱ्याच्या नावावर मिळेलच. सगळ्याच भरतात, तुम्हीही भरता. (ही सवलत 1977मध्ये नव्या बायकांसाठी बंद झाली. जिने तोवर सही केली ती बहुधा त्याच स्टॅम्पवर राहिली, आणि त्याची किंमत म्हातारपणी मोजली.) मुलं होतात, गिरण्या बंद पडतात, तुम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ नोकरी धरता. अर्धवेळवाल्यांना कंपनीच्या पेन्शनमध्ये त्या काळी सहसा कुणी घेत नसे.

30 नोव्हेंबर 1993. टीव्हीवर अर्थमंत्री केनेथ क्लार्क अर्थसंकल्प मांडतायत. तुम्ही 39 वर्षांच्या आहात आणि बटाटे सोलताय. घरोघरी एकाच गोष्टीची धास्ती: घर तापवायच्या गॅस-विजेवर येऊ घातलेला कर. त्याच भाषणात एक वाक्य येऊन जातं. 2010पासून टप्प्याटप्प्याने बायकांचं पेन्शनचं वय पुरुषांइतकं, म्हणजे 65 करणार. युरोपच्या न्यायालयाने काही वर्षांपूर्वीच बाईला पुरुषाआधी सक्तीने निवृत्त करणं बेकायदा ठरवलं होतं. समानतेचं वारं होतं. शिवाय वय उतरवून पुरुषांना 60 देणं तिजोरीला परवडलं नसतं. समानता झाली, ती वरच्या पायरीवर. 1995मध्ये कायदा होतो. तुमच्या घरी पत्र येत नाही.

खरं सांगायचं तर मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. बाई पुरुषापेक्षा सरासरी जास्त जगते, तिने पाच वर्षं आधी पेन्शन घ्यावं याला 1995 साली कुठलं सबळ कारण उरलं होतं? पण 15 वर्षांची मुदत ही ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच मुदत असते.

2012. लिफाफा तपकिरी आहे, सरकारी. तुम्ही तो आधी बिलांच्या गठ्ठ्यात टाकता आणि रात्री भांडी झाल्यावर ओल्या हाताने फोडता. वय 58. आत लिहिलंय की तुमचं पेन्शन 6 जुलै 2019ला सुरू होईल. तुम्ही दोनदा वाचता, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. तुमच्या डोक्यात फेब्रुवारी 2014 पक्कं होतं. त्या हिशेबाने कर्जाचा शेवटचा हप्ता बसवला होता, त्या हिशेबाने आईला घरी आणायचं ठरलं होतं. 1995च्या कायद्याने तुमची तारीख 6 जानेवारी 2018वर गेली होती, तेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यावर 2010मध्ये नवं सरकार आलं, 2011मध्ये त्याने मंदीचा हिशेब मांडून गाडी आणखी हाकली आणि तुमच्या वाट्याला दीड वर्ष वाढवून आलं. मूळ प्रस्तावात काहींना दोन वर्षांचा फटका होता. ओरड झाली म्हणून 18 महिन्यांवर थांबले. तुम्ही बरोब्बर त्या कडेवर उभ्या आहात.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मैत्रिणीला विचारता. तिचा जन्म 10 फेब्रुवारी 1953, शाळेत एक इयत्ता पुढे. तिला जानेवारी 2016मध्ये मिळणार. जन्मात एक वर्षाचं अंतर, पेन्शनमध्ये साडेतीन वर्षांचं. दोघी सूपचा मोठा टोप दोन बाजूंनी धरून उचलता, आणि तुम्ही मनात मोजता की 2016नंतर दुसरी बाजू कोण धरणार.

8 मार्च 2017, पार्लमेंटसमोर. अर्थसंकल्पाचा दिवस आणि महिला दिन एकत्र आलेत. जांभळे पट्टे घातलेल्या हजारो बायका जमल्यात, सगळ्या 1950च्या दशकात जन्मलेल्या. संघटनेचं नाव वास्पी, 2015मध्ये पाच जणींनी सुरू केलेली. साऱ्या देशात अशा सुमारे 36 लाख. तुमच्या मागे कुणीतरी फोनवर बोलतंय, आणि उसन्या देहातल्या तुमच्या कानाला ते थेट कळतं.

"अगं ताई, नाही गं, कोथरूडला येऊन राहायचं म्हणजे आणखी पंचाईत. इथलं पेन्शन तिकडे नेलं की आहे त्या आकड्यावर गोठतं. दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेला गेले असते तर मिळाली असती, भारतात नाही!"

खरं आहे ते. चाळीसएक वर्षं इंग्लंडच्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या केलेली नर्स निवृत्तीनंतर पुण्याला आली की तिचं पेन्शन आलेल्या दिवसाच्या दरावर थांबतं, महागाई मात्र थांबत नाही. मागे वळून तुम्ही काहीतरी बोलू बघता, पण तोंडातून निघतं ते अस्सल यॉर्कशरचं इंग्रजी. बाई हसून छत्रीत जागा देतात.

परतीच्या गाडीत मुलीचा फोन. "आई, तुला राग आलाय ते कळतं. पण तुझ्या पेन्शनचे पैसे माझ्याच पगारातून कापले जातात. आणि माझ्या वेळी वय काय असेल?" तुमच्याकडे उत्तर नाही. गर्दीतल्या अनेकींकडे नव्हतं. काही जणींना परत 60च हवं होतं. त्या कोर्टात गेल्या आणि ऑक्टोबर 2019मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव नव्हे, जुना भेदभाव दूर केलाय. वास्पीचं म्हणणं निराळं होतं, आणि मला ते जास्त चोख वाटतं: वय वाढवा, पण वेळेत सांगा.

यावर मात्र त्यांच्या बाजूने निकाल लागला. जुलै 2021मध्ये सरकारी कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या ओम्बुड्समनने ठरवलं की पेन्शन खात्याने डिसेंबर 2006पर्यंतच बायकांना थेट पत्रं पाठवायला हवी होती. 28 महिने फुकट घालवले. मार्च 2024मध्ये रक्कमही सुचवली, प्रत्येकी 1,000 ते 2,950 पौंड. बुडालेल्या पेन्शनची भरपाई म्हणून नव्हे, न कळवल्याबद्दल. तुमचं नुसतं ते वाढीव दीड वर्ष पूर्ण पेन्शनच्या दराने धरलं तरी 12-13 हजार पौंड होतं. आणि कमी दराच्या स्टॅम्पमुळे पूर्ण पेन्शन तुम्हाला नाहीच.

17 डिसेंबर 2024. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तुम्ही सोफ्यावर, मुलगी शेजारी. टीव्हीवर मंत्री लिझ केंडल. ओम्बुड्समनचा ठपका मान्य, उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त, भरपाई मात्र नाही. 10.5 अब्ज पौंडांपर्यंत खर्च जाईल. 2006पर्यंत 90 टक्के बायकांना बदल होणार हे माहीत होतं. आणि न मागता आलेली पत्रं लोक वाचत नाहीत, लक्षातही ठेवत नाहीत. केंडलबाईंचा हाच पक्ष विरोधात असताना त्याचे पुढारी जांभळ्या पट्ट्यांशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. 2019च्या निवडणुकीत तर 58 अब्जांचं आश्वासन दिलं होतं.

"बदल होणार" हे माहीत असणं आणि आपली तारीख माहीत असणं यातला फरक मंत्र्यांना कुणी विचारत नाही. तुम्हीच टीव्हीला विचारता, थोडं मोठ्याने. मुलगी आवाज कमी करते आणि फोनवर सरकारी संकेतस्थळ उघडून स्वतःची जन्मतारीख टाकते. मे 1979.

"68," ती म्हणते. "म्हणजे 2047. खाली लिहिलंय, बदलू शकतं."

तिने त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला आणि तारखेसकट स्वतःलाच ईमेल करून ठेवला.